चौथं माणूस

त्या रविवारी सकाळी खालचं फाटक आपटत होतं. लातूरला मी ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्याच्या लोखंडी फाटकाची कडी कधीचीच मोडलेली होती. कडी बसवून घेण्याऐवजी घरमालक काकांनी तिथं एक दगड लावून ठेवला होता, काळा, चांगला नारळाएवढा. तो जागेवर असला की फाटक गप्प. त्या दिवशी तो कुणीतरी हलवला होता आणि वारा सुटला की धाड, पुन्हा धाड. मी भौतिकशास्त्राचं पुस्तक पुढ्यात घेऊन कान दाबून बसले होते. खाली जाऊन दगड शोधायचा आणि लावायचा, एवढंच काम. पण खाली गेलं की काकू भेटणार, आणि काकू भेटल्या की प्रश्न सुरू होणार. त्यापेक्षा फाटक परवडलं.

मी सतरा वर्षांची होते. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला नांदेडहून आले होते. शिकवणी, मेस आणि खोली सोडून मी कुठं जात नसे आणि कामाशिवाय कुणाशी बोलत नसे. घरच्यांबद्दल कुणी विचारलंच तर माझी उत्तरं तयार असत. आई काय करते? शाळेत शिकवते. वडील? धर्माबादला मिरचीचा व्यापार आहे, तिकडंच असतात. दोन्ही उत्तरं खरी होती, त्यामुळे खोटं बोलल्याचा प्रश्नच नव्हता. धर्माबादला वडिलांचं दुसरं घर आहे, दुसरी बायको आहे आणि आई मला घेऊन मामाकडे राहते, हा पुढचा भाग मी गिळून टाकत असे. आठवीत असताना तो मी एका मैत्रिणीला विश्वासानं सांगितला होता. मधली सुट्टी संपायच्या आत सगळ्या वर्गाला ठाऊक झाला. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

तर त्या आपटणाऱ्या फाटकाच्या आवाजात दार वाजलं. दारात घरमालकांची मुलगी. तिला सगळे ताई म्हणत म्हणून मीही म्हणायची, पण वर्षभरात आमचं बोलणं पाण्याची मोटर आणि वाळत घातलेले कपडे यापलीकडे गेलेलं नव्हतं. ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. एरवी सलवार-कमीजमध्ये असायची. आज काठाची साडी, केसांत गजरा, आणि चेहरा मात्र पेपर अवघड जाणार हे आधीच माहीत असल्यासारखा.

"आवर लवकर," ती म्हणाली. "मुखेडला जायचंय."

"कुणाला?"

"आपल्याला."

एवढ्यात धापा टाकत काकूही जिना चढून वर आल्या आणि त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. मुखेडचं स्थळ आलं होतं. त्यांची मोठी माणसं येऊन ताईला बघून गेली होती. मुलगा पुण्याला नोकरीला. तो अचानक सुट्टी काढून गावी आला होता आणि सकाळी सकाळी फोन आला होता की आजच या, मुलीलाही आणा, घरही बघून होईल आणि पोरं एकमेकांना बघतील. ताईचे मामा सोबत यायचे होते, तर त्यांची दाढ सुजली. राहिले काका, काकू आणि ताई.

"म्हंजे तिघंच," काकू म्हणाल्या. "तीन तिगाडा, काम बिगाडा. सोयरिकीला तिघं जात न्हाईत माय. चौथं माणूस लागतंय."

मला काय, मला रीत ठाऊक होती. "मग दगड घ्या की सोबत," मी म्हणाले. "आमच्या मामांनी तसंच केलं होतं. तिघं होते तर चौथा म्हणून खिशात खडा घेतला."

"घरात माणूस असताना दगड कशाला न्यायचा?" काकू म्हणाल्या.

म्हणजे दगडाच्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली होती. मी म्हणाले, माझा अभ्यास आहे. काकू म्हणाल्या, गाडीत कर. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. काकू म्हणाल्या, देवाच्या दयेनं हुशार हाईस, तुला काय अवघड. असल्या माणसांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सरळ नाही म्हणणार होते. पण काकू जिना उतरायला लागल्यावर ताई दारात तशीच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ये ना." का कोण जाणे, मी पुस्तक मिटलं. नंतर वाटेत किमान दहा वेळा मी स्वतःला त्याबद्दल शिव्या घातल्या.

आजच या, आजच या म्हणून घाई केली खरी, पण काकांची लिंगपूजा झाल्याशिवाय त्या घरातलं पानही हलत नसे. ती यथासांग झाली. मग कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, गळ्यातलं इष्टलिंग शर्टावरून चाचपून काका गाडीत बसले. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि गाडी ते काचेची भांडी भरून चालवल्यासारखी चालवत. ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला हॉर्न देऊन पुढं जात होते. एसी बंद होता. काकूंना गाडी लागायची, म्हणून काच खाली. काच खाली म्हणून धूळ आत. वळण आलं की मागं डिकीत काहीतरी गडगडत या टोकाचं त्या टोकाला जायचं.

"काय वाजून राहिलंय हो?" काकू लिंबू हुंगत विचारायच्या.

"जॅक असंल," काका म्हणायचे.

ओकारीच्या मधल्या वेळात काकू मागं वळून माझ्याशी बोलत. वडील महिन्यातून कितीदा येतात? दिवाळीला येतात की न्हाई? मिरचीचा धंदा आतबट्ट्याचा तर न्हाई? भाऊ काहून न्हाई तुला? मी ठरलेली उत्तरं देत होते, ती संपली की खिडकीबाहेर बघत होते. मग काकू तोंडावर पदर धरून "थांबवा, थांबवा" म्हणायच्या आणि मला, देवाशप्पथ, बरं वाटायचं.

चाकूरला काकांना ओळखीचे कुणी भेटले. चहा झाला. त्यांच्या मुलाच्या घराचा स्लॅब, सुनेचं बाळंतपण, सोयाबीनचा भाव, सगळं झालं. शिरूर ताजबंदला मुखेडचा फाटा धरायच्या आधी काकांना मागच्या चाकात हवा कमी वाटली. हवा भरणारा जेवायला गेला होता. तो येईपर्यंत थांबू म्हणाले. काकू पंपावर तोंड धुवायला गेल्या, काका चाकाजवळ उकिडवे बसले. ताईनं रस्त्याकडेच्या बाईकडून हरभऱ्याचे ढाळे घेतले आणि आम्ही दोघी मागच्या सीटवर दारं उघडी टाकून ते सोलत बसलो. मला वाटलं, आता हीसुद्धा वडिलांचं विचारणार. मी उत्तर तोंडाशी आणून ठेवलं.

तिनं काही विचारलं नाही. एक घाटा फोडत म्हणाली, "माझा साखरपुडा झालता आधी. उदगीरला."

मी तिच्याकडे बघितलं.

"चार महिने झाले आन् मग त्यायनी मोडला. काहून मोडला ते सांगितलं न्हाई. कारण सांगितलं न्हाई की मग लोक आपल्या मनानं कारण लावतेत. आई म्हणती, मुखेडला सांगायचं न्हाई. एकदा अक्षता पडल्या की कोण विचारतंय."

"आणि तू?" मला 'तुम्ही' म्हणायचं होतं, पण तोंडातून तू निघालं.

"उदगीर ते मुखेड किती लांब हाय? हळदीच्या दिवशी जरी कळलं ना, तर जन्मभर ऐकायचं मला. आमाला फसवलं म्हणून. मी आजच सांगणार हाय. त्यालाच. मोडायचं तर आता मोडू दे."

"मग सांग."

"कुठं सांगू? सगळे बसतील चहूकडून. घर दाखवायला म्हणून तो माडीवर नेईल, तवा मागं सगळ्या बाया येतील." तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ओतले. "दहा मिनटं पायजेत मला. कायबी कर, पर त्यायला खाली धरून ठेव."

मला संतापच आला. मी वर्षभर कुणाला तोंड न दाखवणारी. मला आणलं होतं दगडाच्या जागी, आणि आता परक्या घरात बायकांचा घोळका धरून ठेवायचं काम माझ्याकडे. मी म्हणाले, मला असलं जमत नाही. मला बोलताच येत नाही. ती म्हणाली, म्हणून तर तुला सांगितलं, तू कुणाला सांगणार न्हाईस. हवा भरणारा आला, काकू आल्या, गाडी निघाली, डिकीत पुन्हा गडगड सुरू झाली. मी उरलेला रस्ता मुठीत हरभरे धरून बसले. खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत.

मुखेडला त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आणि मागं घर. घर चांगलं होतं. माडीचं बांधकाम नुकतंच झालं होतं, रंगाचा वास येत होता. बैठकीत मुलाची आई, दोन काकवा, एक आत्या आणि एक खूप म्हातारी आजी ओळीनं बसल्या होत्या. पुरुष पलीकडे खुर्च्यांवर. चुरमुऱ्यांचा सुशीला आला, लाडू आले, चहा आला. मुलगा उंच, चष्मेवाला, खाली बघून चमचा फिरवणारा. वाईट नव्हता. त्या दोघांनी एकमेकांना बघून घ्यावं म्हणून सगळे त्या दोघांनाच बघत होते.

"ही कोण?" आत्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

"आमच्याकडं वर राहती. घरच्यासारखीच हाय," काकू म्हणाल्या. चौथं माणूस हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी मनात मोजलं असणार. मोजून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग मुलाची आई म्हणाली, "जा रं, माडी दाखव तिला. नवी फरशी दाखव." मुलगा उठला. ताई उठली. आणि लगेच दोन्ही काकवा, आत्या, काकू, सगळ्या पदर सावरत उठायला लागल्या. "चला, आमीबी बघतो की." ताईनं जिन्याच्या पहिल्या पायरीवरून एकदा माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे काय होतं? बटाट्याची भाजी कशी करावी हे मला येत नव्हतं. कुणाची सोयरीक, कुणाची सून मला माहीत नव्हती. न्यूटनचे नियम सांगितले असते तर त्या अजून लवकर माडीवर गेल्या असत्या. अशा बायकांना जागेवर खिळवून ठेवेल असं माझ्याजवळ जगात एकच होतं. मला ते द्यायचं नव्हतं. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. आणि तरी मी बोलले.

"माझे वडील आमच्याजवळ राहत नाहीत," मी मोठ्यानं म्हणाले.

उठलेल्या सगळ्या उभ्याच राहिल्या.

"म्हंजे?" आत्या म्हणाल्या.

"धर्माबादला त्यांचं दुसरं घर आहे. त्यांनी दुसरं लग्न केलंय."

सगळ्या बसल्या. एकदम बसल्या, जशी शाळेत घंटा झाल्यावर पोरं बसतात. काकू तर माझ्या शेजारीच येऊन बसल्या, त्यांचं तोंड उघडं होतं. दुसरी कोण? कधी केलं? तुझी आई गप कशी बसली? सोडचिठ्ठी झाली का तशीच? तिला लेकरं किती? मी सांगत गेले. एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते परक्या गावातल्या परक्या बायकांना, हातात सुशीलाची बशी धरून, ओळीनं सांगत गेले. वडील शेवटचे कधी आले ते. आईनं मंगळसूत्र काढून कुठं ठेवलं ते. मला लहान भाऊ आहे, तिकडचा, आणि मी त्याला बघितलेलं नाही, हेसुद्धा. थांबावं वाटलं की मी जिन्याकडे बघायची. वरून कुणी येत नव्हतं. मग पुढचं सांगायची.

"भाड्या मेला," म्हातारी आजी अचानक म्हणाली. ती तोपर्यंत काहीच बोलली नव्हती. माझ्या वडिलांना असं कुणी माझ्यासमोर म्हणेल आणि मला गोड वाटेल, हे मला ठाऊक नव्हतं.

ताई खाली आली तेव्हा काकू माझी पाठ चोळत होत्या आणि आत्यांनी माझ्या बशीत दुसरा लाडू टाकला होता. ताईचा चेहरा पांढरा होता, पण मान सरळ. निघताना आम्हा तिघींना हळदीकुंकू लावून ब्लाऊजपीस दिले. मलाही दिला. मुलगा दारापर्यंत आला आणि ताईला म्हणाला, "मी घरात बोलतो." बाकीच्यांना वाटलं, लग्नाबद्दल बोलतोय.

परतीच्या वाटेवर काकूंना गाडी लागली नाही, कारण त्यांना माझ्याबद्दल बोलायचं होतं. एवढं मनात ठेवलंस? आमी काय परके हाव? मेसचं जेवून जेवून बघ कशी वाळलीस. उद्यापासून रात्रीची भाकर आमच्याकडं. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. ज्या प्रश्नांपासून वर्षभर पळाले ते आता माझ्या डोक्यावर येऊन बसले होते, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताईनं शेजारून माझा हात धरला. तिच्या तळहाताला घाम होता.

चाकूरच्या अलीकडे काकांचा फोन वाजला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, कारण ते गाडी चालवत फोन घेत नसत. "हाव," ते म्हणाले. "बरं. हाव. बरं बरं." मग फोन ठेवून समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "पत्रिका पुन्हा दाखवून बघतो म्हणाले."

याचा अर्थ लहान लेकरालाही कळतो. काकूंना तर पुढचंही कळलं. त्या वळल्या. "तू सांगितलंस त्याला."

"हाव," ताई म्हणाली.

काकू रडल्या, रागावल्या, पुन्हा रडल्या. चांगलं स्थळ हातचं घालवलंस. आता कोण येणार? काकांनी गाडी सुरू केली आणि अधूनमधून "बास की आता" म्हणत राहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग काकूंचं लक्ष माझ्याकडे गेलं. इतका वेळ त्या माझ्यासाठी हळहळत होत्या. आता त्यांनी डोळे पुसून मला नीट बघितलं. माडीवर जायला उठल्या होत्या ते त्यांना आठवलं असणार.

"तुला ठावं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. काकूंनी विश्वास ठेवला असता, आणि मी पुन्हा माझ्या खोलीत, माझ्या पुस्तकापाशी.

"हाव," मी म्हणाले. "तिनं बरोबर केलं, काकू. आमच्या घरात कुणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

काकू माझ्याशी लातूर येईपर्यंत बोलल्या नाहीत. मला ती शांतता हवीहवीशी वाटायला हवी होती. नाही वाटली. उलट त्यांनी काहीतरी विचारावं असं वाटत राहिलं, आणि स्वतःचाच वैताग आला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि फाटक सकाळसारखंच आपटत होतं. काका उतरले, डिकी उघडली, आत वाकले आणि दोन्ही हातांनी तो काळा दगड उचलून बाहेर काढला. फाटकाला लावला. फाटक गप्प झालं.

काकू बघतच राहिल्या. "हा कवा घेतला?"

"सकाळीच. मेव्हण्याचा फोन आला तवाच टाकला," काका म्हणाले. "घरचा दगड, भरवशाचा. वरची पोरगी येती का न्हाई कुणास ठावं." त्यांनी ताईकडे बोट केलं. "ही होती की माझ्यासंगं, हिनंच डिकी उघडून दिली."

"म्हंजे पाच झालो आपण," काकू म्हणाल्या. "अहो, पाच झालो. मग मोडंल न्हाई तर काय हुईल." चौघं शुभ की पाच, याचा हिशेब त्या बोटांवर करत, कपाळाला हात लावत आत गेल्या. काका चपला काढून त्यांच्या मागोमाग गेले.

आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. माझा अख्खा रविवार गेला होता. अभ्यास बुडाला होता. जपून ठेवलेलं सगळं मी मुखेडच्या बैठकीत सांडून आले होते, ते कुणाच्या तरी तोंडून उद्या नांदेडला जाणार होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर चौथं माणूस म्हणून. चौथा तर डिकीत होता.

"दगड होता," मी म्हणाले.

"हाव."

"मग मला काहून नेलंस?"

तिनं केसातला सुकलेला गजरा काढला आणि हातात घेऊन उभी राहिली. थकली होती. आता रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही.

"वरसभर बघून राहिले मी," ती म्हणाली. "तू खिडकी लावून बसतीस. आमच्याकडंबी मी तसंच बसून राहती, उदगीरचं झाल्यापासून. म्हटलं, चौथा आईला पायजे. मला एक पायजे होती."

मी चिडलेलीच होते. ती चीड अजूनही माझ्या स्वभावात आहे, आणि ताई, जिच्या लग्नात पुढं दोन वर्षांनी मी करवलीसारखी मिरवले, अजूनही त्या चिडीवरून मला चिडवते. त्या संध्याकाळी मला जिना चढून वर जायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं. आतून काकूंचा आवाज आला, अजून रागावलेला: "भाकऱ्या थापून राहिले मी, दोघी याल का तिथंच उभ्या राहाल?"

माझ्या मुठीत काहीतरी होतं. उघडून बघितलं तर वाटेतले हरभरे, मुखेडला ओढणीच्या टोकाला बांधून ठेवलेले आणि गाडीतून उतरताना परत हातात घेतलेले. अर्धे तिला दिले, अर्धे मी खाल्ले. मग चपला काढल्या आणि तिच्यामागून आत गेले.